दहा लाखांची गाडी, पन्नास लाखांचे पार्ट

गेल्या वर्षभरात माझ्या फोनवर एकच निरोप वेगवेगळ्या माणसांकडून आलाय. जुन्या, काळ्या किंवा पांढऱ्या महागड्या जर्मन गाडीचा फोटो, खाली किंमत आणि त्याखाली प्रश्न: "एवढ्या पैशांत नवी मध्यम गाडीसुद्धा धड येत नाही. मग ही का नको?"

प्रश्न रास्त आहे. बाजारात अशा गाड्या सध्या खरंच भरपूर आहेत आणि त्याला कारणं आहेत. दिल्ली आणि आसपासच्या परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. लोकांच्या विरोधामुळे काही दिवसांत ते थांबवावं लागलं, पण तोवर मालकांनी धसका घेतला होता आणि एकेकाळी साठ-सत्तर लाखांना घेतलेल्या गाड्या मिळेल त्या भावाला परराज्यात जाऊ लागल्या. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी, जो उपकर धरून ५० टक्क्यांपर्यंत जायचा, तो ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली बसतो.

अशी गाडी घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. मला या गाड्या मनापासून आवडतात. एक्सप्रेस वेवर शंभरच्या वेगात ज्या शांतपणे त्या चालतात, तो अनुभव एकदा घेतला की विसरत नाही. पण हौसेने गाडी घेऊन दोन वर्षांत हताश होऊन विकलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना एक गोष्ट आधी कुणीच सांगितली नव्हती. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही.

किंमत उतरते म्हणजे नेमकं काय होतं?

समजा, पेठेतला एक जुना वाडा तुम्हाला टू बीएचकेच्या भावात मिळाला. भिंती मातीच्या, तुळया सागवानी, वर कौलं. वाडा स्वस्त मिळाला म्हणून सुतार सागवानाचे पैसे कमी घेणार नाही. उलट तसं काम येणारा सुतार शोधावा लागेल आणि तो सांगेल तो भाव द्यावा लागेल.

गाडीचं तसंच आहे. उदाहरणाला बीएमडब्ल्यूची ५२०डी घेऊ. २०१० ते २०१७ या काळात आलेली ही पिढी आपल्याकडे चेन्नईत जुळवली जायची, रस्त्यावर अजून खूप दिसते. नवी असताना ती पन्नास लाखांच्या घरात होती. आज चांगल्या अवस्थेतली दहा लाखांच्या आसपास मिळते. पण तिचा हेडलाइट आजही पन्नास लाखांच्या गाडीचाच हेडलाइट आहे. गाडी चेन्नईत जुळवली तरी बरेचसे पार्ट परदेशातून येतात, त्यावर आयात शुल्क बसतं, आणि खप कमी असल्याने दुकानदार माल साठवून ठेवत नाही.

चारही चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलायला साध्या मध्यम गाडीला पंधरा-वीस हजार लागतात. इथे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सत्तर हजार ते लाखभर धरा. साधी वार्षिक सर्व्हिस पंचवीस ते पन्नास हजार. या लेखातले आकडे ढोबळ आहेत, शहर, मॉडेल आणि गॅरेजप्रमाणे ते खालीवर होतील. पण पट तोच राहतो, म्हणजे साध्या गाडीच्या चौपट-पाचपट.

कुकरची रिंग आणि दहा वर्षांची गाडी

लोखंड सहसा दगा देत नाही. या गाड्यांचे इंजिन ब्लॉक, चासी, दरवाजे पंधरा वर्षांनीही भक्कम असतात. थकतं ते रबर आणि प्लास्टिक.

घरातल्या कुकरची रिंग आठवा. कुकर वीस वर्षं टिकतो, रिंग मात्र कडक होते आणि वाफ बाजूने सुटू लागते. गाडीच्या इंजिनात अशा डझनावारी रिंगा असतात. व्हॉल्व्ह कव्हरचं गास्केट, ऑइल फिल्टरच्या बुडाचं सील, टर्बोकडे जाणाऱ्या नळ्यांचे ओ-रिंग. सात-आठ वर्षांत उष्णतेने त्या कडक होतात आणि तेल पाझरू लागतं. जर्मन गाड्यांत वजन कमी करण्यासाठी कूलिंगच्या नळ्या, पाण्याची टाकी, इंजिनाचं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचं आवरण हे सगळं प्लास्टिकचं केलेलं असतं. ते ठिसूळ होतं आणि एखाद्या दिवशी घाटात तडकतं. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये पाण्याचा पंप विजेवर चालतो. तो आवाज करून इशारा देत नाही, चालता चालता बंद पडतो. पंप आणि थर्मोस्टॅट मिळून पन्नास-साठ हजार. मात्र पंप बंद पडल्यावर "घर जवळच आहे" म्हणून दोन किलोमीटर गाडी दामटली तर इंजिन तापून सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतो आणि बिल लाखांत जातं.

त्यात आपलं हवामान आणि आपली वाहतूक. समजा तेल पंधरा हजार किलोमीटरला बदलायचं आहे. ताशी सरासरी साठने चालणारी गाडी तेवढं अंतर २५० तासांत कापते. मुंबई-पुण्याच्या गर्दीत सरासरी वीसची असेल तर इंजिन तेवढ्याच किलोमीटरसाठी ७५० तास चालतं. मीटरवर आकडा तोच, तेल मात्र तिप्पट शिजलेलं. म्हणून कंपनीने काहीही अंतर सांगितलेलं असो, जुन्या गाडीचं तेल सात-आठ हजारांना किंवा वर्षाला बदलावं असं माझं ठाम मत आहे. याइतकी स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही.

सकाळी खाली बसलेली गाडी

माझ्या मामेभावाने सांगलीला २०१२ ची एक मोठी जर्मन एसयूव्ही अकरा लाखांना घेतली. पहिला पावसाळा छान गेला. दिवाळीनंतर एका सकाळी त्याने फोटो पाठवला. गाडी अंगणात उभी, आणि पुढची उजवी बाजू थकलेल्या बैलासारखी खाली टेकलेली. "दादा, टायर तर भरलेले आहेत," तो म्हणाला. गाडी चालू केली की दोन मिनिटांत वर उठायची, म्हणून तो आणखी महिनाभर तशीच चालवत राहिला.

हे एअर सस्पेन्शन. साध्या गाडीला चाकावर लोखंडी स्प्रिंग असते, हिला त्याऐवजी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात. एक छोटा कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो आणि संगणक चारही कोपऱ्यांची उंची समान ठेवतो. मर्सिडीजने १९९८ च्या एस-क्लासमध्ये ही व्यवस्था दिली. ऑडी क्यू७, रेंज रोव्हर, डिस्कव्हरी अशा अनेक गाड्यांतही ती असते. खड्ड्यावरून गाडी जाते तेव्हा पोटातलं पाणी हलत नाही, ते हिच्यामुळे.

पिशवीचं रबर घडीवर चिरतं. रात्रभर हवा निसटते, सकाळी गाडी खाली. आता घरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीला बारीक गळती आहे आणि मोटर ऑटोमॅटिक आहे. टाकी रिकामी होत राहते, मोटर पुन्हा पुन्हा चालू होते, आणि एक दिवस मोटर जळते. गळती पाचशे रुपयांत थांबली असती, मोटरला पाच हजार लागतात. कॉम्प्रेसरचं अगदी तसंच होतं.

मी त्याच्याबरोबर कोल्हापूरच्या एका गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, चाकामागचं कव्हर काढलं आणि पिशवीवर साबणाचं पाणी मारलं. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग घडीच्या तळाशी, बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा चिरेतून बारीक बुडबुड्यांची माळ उगवली. मिस्त्रींनी मोबाइलचा दिवा धरून त्याला दाखवली आणि म्हणाले, "साहेब, महिन्यापूर्वी आला असता तर एवढंच होतं. आता कॉम्प्रेसरचाही आवाज बघा." कॉम्प्रेसर दळणाच्या चक्कीसारखा घरघरत होता.

पुढची एक पिशवी शॉकॲब्झॉर्बरसकट, कंपनीची घेतली तर लाखाच्या आसपास. बाहेरच्या चांगल्या कंपनीची चाळीस-पन्नास हजारांत. कॉम्प्रेसर आणखी पन्नास हजार. पिशव्या जोडीनेच बदलाव्या लागतात, कारण एक गेली की दुसरीही तेवढीच म्हातारी असते. भावाचं बिल दीड लाखाच्या पुढे गेलं. काही जण पिशव्या काढून लोखंडी स्प्रिंगा बसवतात. गाडी चालते, पण ज्या चालीसाठी ती घेतली ती चालच जाते. मला तो मार्ग पटत नाही.

लादीखालचा पाइप

बाथरूममध्ये लादीखालचा पाइप फुटला तर पाइप दोनशे रुपयांचा असतो. पैसे लागतात ते लादी फोडायला आणि पुन्हा बसवायला. महागड्या गाड्यांची कितीतरी बिलं अशीच असतात. पार्ट छोटा, पण तिथवर हात पोचायला अर्धी गाडी उघडावी लागते.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यूचं एन४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन. २००७ साली ते आलं आणि साधारण २०१४ पर्यंत ३२०डी, ५२०डी, एक्स१ अशा गाड्यांत बसत होतं. इंजिनातल्या झडपा आणि पिस्टन यांचा ताल सांभाळणारी एक साखळी असते, तिला टायमिंग चेन म्हणतात. बहुतेक इंजिनांत ती पुढच्या बाजूला असते. एन४७ मध्ये ती मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिला आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजतात, चेन सैल होते आणि मागून खडखड ऐकू येते. बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेनच्या किटपेक्षा मजुरी जास्त, एकूण दीड-दोन लाख. दुर्लक्ष केलं आणि चेन तुटली तर झडपा पिस्टनवर आदळतात. मग दुरुस्तीचा विषय संपतो आणि दुसरं इंजिन शोधावं लागतं.

बीएमडब्ल्यू एकटीच अशी आहे असं नाही. तिच्याच एन२० पेट्रोल इंजिनात २०१५ च्या आधी चेनच्या प्लास्टिक पट्ट्या ठिसूळ होत. ऑडीच्या २००८ ते २०१२ च्या सुमाराच्या १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनं पिस्टनच्या रिंगांमुळे तेल पितात. दर हजार-दीड हजार किलोमीटरला लिटरभर तेल टाकावं लागणाऱ्या गाड्या अजून फिरतात. मर्सिडीजच्या २.१ लिटर डिझेलच्या सुरुवातीच्या इंजेक्टरांनी, म्हणजे इंधन फवारणाऱ्या नळ्यांनी, मालकांना छळलं, पुढे कंपनीने इंजेक्टरचा प्रकारच बदलला. म्हणजे ब्रँड पाहून भागत नाही. तुमच्या डोळ्यांसमोरच्या गाडीत कोणत्या वर्षाचं, कोणत्या नावाचं इंजिन आहे ते आधी शोधा. त्या नावाचा इतिहास तासाभरात वाचून होतो.

"आयुष्यभराचं" तेल

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल विक्रेता हमखास सांगतो, "यातलं तेल बदलावं लागत नाही, लाइफटाइम आहे." खोटं तो मुद्दाम बोलत नाही, गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनीच तसं म्हटलेलं असतं. पण कुणाचं आयुष्य? पहिल्या मालकाचं.

२०१० नंतरच्या बहुतेक बीएमडब्ल्यूंमध्ये झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स आहे, आणि तो उत्तम आहे. पण खुद्द झेडएफ सांगते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांच्या आसपास तेल बदला. तळणीचं तेल आठ दिवस तेच वापरलं तर वडे कसे होतात ते घरात सगळ्यांना माहीत असतं. गिअरबॉक्सचं तेलही तसंच काळं पडतं, आणि त्यातल्या बारीक झडपा चिकटू लागतात. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना बारीक धक्का बसला, सिग्नलवरून निघताना गाडी क्षणभर अडखळली, तर ते त्याचंच लक्षण.

या बॉक्सचं खालचं तबक प्लास्टिकचं असतं आणि फिल्टर त्यातच घडवलेला असतो, म्हणून तेलाबरोबर अख्खं तबक बदलतात. चाळीस-साठ हजार लागतात. ते वाचवलं तर पुढे गिअरबॉक्स उघडायला तीन-चार लाख. गाडी लाखभर किलोमीटर चाललेली असेल आणि तेल बदलल्याची पावती नसेल, तर हे पैसे खरेदीच्या किमतीत मिळवूनच सौदा करा.

ऑडीच्या ए४, ए६ मध्ये मल्टिट्रॉनिक नावाचा वेगळा, दोन पुल्यांमधल्या पोलादी साखळीवर चालणारा बॉक्स यायचा. त्याचा लौकिक चांगला नाही. मी स्वतः तो असलेली गाडी घेणार नाही.

एक दिवा लागतो, मग पाच लागतात

अशा गाडीत पन्नास-साठ छोटे संगणक असतात. इंजिनाचा वेगळा, दरवाजांचे वेगळे, सीटचा वेगळा. ते सगळे सामायिक तारांवरून एकमेकांशी बोलतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने चुकीचा निरोप टाकला की शंभर जण गोंधळतात, तसं इथे होतं. चाकाजवळचा वेगमापक सेन्सर बिघडला तरी ब्रेक, स्थिरता, क्रूझ कंट्रोल असे तीन-चार दिवे एकदम पेटतात. मालक घाबरतो. खरा बिघाड कधी चार-पाच हजारांचाच असतो, तो शोधणारा माणूस मिळाला पाहिजे.

साधी बॅटरीसुद्धा इथे साधी नाही. तिची किंमत वीस-तीस हजार, आणि बऱ्याच मॉडेलांत नवी बसवल्यावर स्कॅनर नावाच्या तपासणी यंत्राने गाडीच्या संगणकात तिची नोंद करावी लागते. नाहीतर गाडी तिला जुनीच समजून तसंच चार्ज करत राहते आणि नवी बॅटरी लवकर मरते. बॅटरी कमजोर झाली की संगणक विचित्र वागू लागतात. दिवे चमकतात, काचा अर्ध्यावर थांबतात. म्हणून इलेक्ट्रिकचं कुठलंही मोठं काम सांगितलं गेलं की आधी बॅटरी तपासून घ्या.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे पाणी. यांचे संगणक सीटखाली, गालिच्याखाली, डिकीच्या कोपऱ्यात असतात. चेन्नईचा २०१५ आणि २०२३ चा पूर असो की आपल्या सांगली-कोल्हापूरचा २०१९ आणि २०२१ चा, अशा गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर मातीची रेघ दिसते का. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, डिकीतला गालिचा उचलल्यावर कुबट वास येतो का. शंका आली तर तिथूनच परत फिरा. पाण्यात बुडालेली महागडी गाडी कधीच पूर्ण बरी होत नाही.

डिझेलवाल्यांसाठी थोडं वेगळं

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी अडवते आणि गाडी वेगात असताना जाळून टाकते. रोज चार-पाच किलोमीटरचीच फेरी असेल तर गाळणी तापतच नाही, तुंबते. नवी लाख-दोन लाखांची. घर ते ऑफिस एवढंच चालवायचं असेल तर पेट्रोल गाडी घ्या, आणि डिझेल आधीच घेतली असेल तर पंधरा दिवसांतून एकदा हायवेला अर्धा तास मोकळी चालवून आणा.

"पण गाडी फक्त चाळीस हजार चाललीय!"

दहा वर्षांत चाळीस हजार म्हणजे महिन्याला साडेतीनशे किलोमीटरही नाही. अशी गाडी बहुतेक वेळ उभी असते. उभ्या गाडीच्या रबराचं म्हातारं होणं थांबत नाही, टायर कडक होतात, बॅटरी उतरते. नियमित हायवेला चाललेली, एक लाख किलोमीटरची आणि सगळ्या पावत्या असलेली गाडी मी तिच्याआधी उचलेन.

शिवाय मीटर मागे फिरवणं ही या बाजारातली जुनी खोड आहे. पण किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर संगणकांतही राहते, बऱ्याच बीएमडब्ल्यूंच्या तर चावीतसुद्धा. चांगल्या स्कॅनरने ते आकडे जुळवून बघता येतात. स्टीअरिंगचं गुळगुळीत झालेलं चामडं आणि ब्रेक पेडलचं झिजलेलं रबर उघड्या डोळ्यांनाही दिसतं.

"विमा आहे की!"

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. मोटार विमा अपघात, चोरी, आग, पूर यांचा असतो. चेन सैल झाली, गिअरबॉक्स अडकला, पिशवी चिरली, यांतलं काही साध्या विम्यात बसत नाही.

आणि अपघात झाला तरी पूर्ण पैसे मिळतीलच असं नाही. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर सरळ ५० टक्के घसारा कापतात. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. साठ हजारांचा बंपर गेला तर तीस हजार तुमच्या खिशातून. हा घसारा माफ करणारं झिरो डेप कव्हर बहुतेक कंपन्या पाचेक वर्षांपर्यंतच्याच गाडीला देतात. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याबरोबर जातो, तो तुम्हाला लागू होत नाही. आणि पॉलिसी चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची असते, हे कागदांच्या गडबडीत खूप जण विसरतात.

"कंपनीत कशाला, बाहेर करू!"

हा विचार चांगला आहे, मीही तेच करतो. गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. गिअरबॉक्स झेडएफचा, इंजेक्टर बॉशचे, सस्पेन्शनचे हात लेमफोर्डरचे, फिल्टर मान किंवा माहलेचे. हाच माल गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेल्या खोक्यात बराच स्वस्त मिळतो. त्या एका ब्रँडवरच काम करणारं, योग्य स्कॅनर असलेलं बाहेरचं गॅरेज गाठलं तर बिल निम्म्यावर येतं. गाडी घ्यायच्या आधी असं गॅरेज शोधा. तुमच्या गावापासून ते दीडशे किलोमीटरवर असेल, तर टोइंगचा खर्चही हिशेबात धरा.

कुर्ल्याच्या किंवा दिल्लीच्या मायापुरीच्या जुन्या बाजारातून दरवाजा, आरसा, बंपर खुशाल आणा. संगणक मात्र आणू नका. ते मूळ गाडीच्या चासी नंबरशी बांधलेले असतात, दुसऱ्या गाडीत सहजासहजी बोलत नाहीत.

परराज्यातली गाडी

दिल्ली किंवा पुदुच्चेरी पासिंगची गाडी स्वस्त दिसते, त्यात आपला रोड टॅक्स धरलेला नसतो. बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणून महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते. इथला एकरकमी कर गाडीच्या वयानुसार कमी होत जातो, तरी मोठ्या गाडीला तो लाखाच्या पुढे जाऊ शकतो. गाडी कंपनीच्या नावावर ठेवणार असाल तर दर आणखी चढा आहे. जीएसटीचं विचाराल तर दोन व्यक्तींमधल्या व्यवहारावर तो नाही. डीलर विकत असेल तर १८ टक्के त्याच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही.

बघायला जाताना

दहा लाखांची गाडी घ्यायची असेल तर माझ्या अनुभवाने अडीच-तीन लाख वेगळे ठेवावेत, आणि ते कर्जाचे नसावेत. पहिल्या वर्षी सगळी तेलं, पट्टे, ब्रेक, टायर यातच बरेच जातात. स्टेपनीऐवजी पंक्चर होऊनही चालणारे रन-फ्लॅट टायर असतील तर एकेक वीस-तीस हजारांचा. आतल्या बाजूने त्यांना फुगा आलाय का, हे वाकून हाताने चाचपून बघा.

गाडी लिफ्टवर चढवून, स्कॅन मारून घ्या. पाच-सात हजार लागतात. विक्रेता याला नाही म्हणाला तर उत्तर मिळालं असं समजा. आणि इंजिन थंड असताना, सकाळी जा.

यंदा मार्चमध्ये त्याच मामेभावाच्या मित्राला एक सेडान घ्यायची होती, म्हणून आम्ही तिघं इचलकरंजीला गेलो. दुपारी पोचलो तर गाडी धुऊन, इंजिन गरम करून तयार होती. चालवली, सुरेख चालली. मित्र टोकन द्यायला निघाला होता. भावाने बॉनेटवर हात ठेवला, गरम लागला, आणि म्हणाला, "आम्ही उद्या सकाळी येतो. तोवर गाडी चालू करू नका."

रात्री सांगलीत थांबून दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही पुन्हा तिथे होतो. बॉनेट गार होतं. भावाने मित्राला चावी दिली आणि स्वतः पुढच्या चाकाजवळ, इंजिनाच्या मागच्या बाजूला कान देऊन वाकला. इंजिन चालू झालं. पहिले तीन सेकंद मागून डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड, मग सगळं शांत. भावाने इंजिन बंद करायला लावलं, दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू करायला लावलं. या वेळी आवाज आला नाही. त्याने मालकाला चेन कधी बदलली ते विचारलं, तेलाच्या पावत्या मागितल्या. पावत्या २०१९ पर्यंतच्याच निघाल्या. मित्राने चावी मालकाच्या हातात परत दिली, आणि टोकनसाठी आणलेलं पाकीट पुन्हा शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.